सांधणारे थांबत नाहीत

मित्रांनो, मी तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधी माझी जागा सांगते. पाठीवर हात न्या, कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्या जिथे संपतात तिथे. आत, मणक्याला टेकून, मुठीएवढे काहीतरी गप्प बसलेले असते, चवळीच्या दाण्याच्या घाटाचे. ते मी. मी तेनिंगचे उजवे मूत्रपिंड आहे. तेनिंग जोआल या कोळ्यांच्या गावी, समुद्रकिनाऱ्यावर मासे खारवून वाळवते. तिचे वय झाले तसे माझेही झाले आहे. पण वयाचे मला काही वाटत नाही. मी भ्यालेले आहे. सांगता सांगता मधेच अडखळले तर रागावू नका.

आम्ही दोघे, मी आणि माझे डावे भावंड, तेनिंगच्या आधी जागे झालो. आईच्या पोटात तिने अजून श्वासही घेतला नव्हता, तेव्हाच आमचे काम सुरू झाले होते. माझ्या पोटात लक्षावधी बारीक चाळण्या आहेत. रक्त येते, गाळले जाते, कामाचे ते पुन्हा रक्तात जाते, नकोसे ते पाण्याबरोबर बाहेर पडते. एवढेच आमचे काम. तेनिंग रोज पहाटे मारियामातेच्या तसबिरीपुढे गुडघे टेकते. आजारपणात तिचा तो नेम कधी चुकला असेल, आमचा चुकला नाही. देवाने ज्याला जे नेमून दिले ते त्याने करावे, असे ती मुलीला सांगे, तेव्हा मला वाटे, ही आमच्याविषयीच बोलते आहे.

लहानपणी ती ओहोटीच्या वेळी चिखलात शिंपले वेचायला जाई. डोक्यावर ऊन, जवळचे पाणी संपलेले. अशा वेळी आम्ही थेंब थेंब राखून ठेवत असू. संध्याकाळी घरी आल्यावर तिची आजी तिच्या गालाला हात लावून म्हणे, पोरगी काटक आहे हो. ते कौतुक निम्मे तरी आमचे होते. पण आत दडलेल्याला कोण विचारते? आम्हीही कधी मागितले नाही.

आता ती गोष्ट सांगते, जिची मला धास्ती आहे.

माझे शरीर पेशींचे. पेशींना तोंड नसते. त्या एकमेकींना निरोप धाडतात. निरोप म्हणजे इवलासा कण. तो एका पेशीतून निघतो, शेजारणीच्या दारावर जाऊन बसतो, आणि दाराच्या आत बातमी हातोहात थेट गाभ्यापर्यंत पोचते. मग ती पेशी सांगितलेले काम करू लागते. असे कितीतरी निरोप आहेत. त्यातला एक आहे, ‘सांधा’. कुठे काही फाटले, जखम झाली, की हा निरोप सुटतो. तो ऐकून कोपऱ्यात निवांत बसलेल्या साध्यासुध्या पेशी उठतात. त्यांचे रूप पालटते, अंगात बळ येते, आणि त्या चिवट धागे विणून फाटलेले शिवून टाकतात. शिवून झाले की दुसरा निरोप येतो, ‘पुरे’. मग त्या पुन्हा गप्प होतात.

तेनिंग तरुण असताना तिला एकदा मोठा ताप आला होता. माझ्या काही चाळण्या फाटल्या. ‘सांधा’ची हाक आली, सांधणारे धावले, काम झाले, ‘पुरे’ आले, सगळे आपापल्या जागी परतले. मला त्यांचा केवढा आधार वाटला होता. ज्यांना मी त्या दिवशी दुवा दिला, त्यांचेच एक दिवस भय वाटेल, हे मनातही आले नव्हते.

तेनिंगची मुलगी सिगा जाणती झाली त्या सुमारास रक्तातली साखर वाढू लागली. ती गोड खाते म्हणूनच झाले, असे कुणी म्हणू नये. तिच्या आईलाही हाच आजार होता, रक्तातूनच आला असावा. तरी वाळवणाच्या मैदानावर बायका दुपारी कोळशावर चहा उकळत. पहिला पेला कडू, दुसरा गोड, तिसरा त्याहून गोड, आणि एकही नाकारला तर वाढणारीचा अपमान. ईस्टरच्या आधीचे उपास आले की तेनिंग साखर सोडायची. ते तिचे व्रत. त्या दिवसांत आम्हाला थोडा विसावा मिळे. मी मनात म्हणे, हे उपास वर्षभर का नसतात?

सुरुवातीला काय झाले, ऐका. साखर आली आणि आमच्या अंगात जोर आला. आम्ही पूर्वीपेक्षा जास्त रक्त गाळू लागलो. फुगलो, मोठे झालो. मला वाटले, म्हातारपणी ताकद आली. मित्रांनो, ती ताकद नव्हती. ओझ्याखाली धावणाऱ्या गाढवाची ती धाव होती.

मग एका सकाळी ‘सांधा’ची हाक आली. मी चाळण्या चाचपून पाहिल्या. कुठे जखम नव्हती. कुणी हाक दिली म्हणून विचारले, तर गोड रक्तात भिजलेल्या पेशीच हाका मारत होत्या. साखरेने त्यांना भ्रम झाला होता. दुखापत नसताना त्यांना दुखापत दिसत होती. त्यात रक्ताचा दाबही वाढलेला. ज्या निरोपाने दाब वाढतो, तोच निरोप ‘सांधा’च्या हाकेला आणखी चढा सूर लावतो, हे मला तेव्हा कळले.

सांधणारे उठले. जिथे काही फाटले नव्हते तिथे ते विणू लागले. चाळण्यांच्या मधे धागे, नळ्यांच्या बाजूंनी धागे. काही चाळण्या ताणून विरल्या आणि रक्तातले मोलाचे प्रथिन त्यांतून गळू लागले. ते नळ्यांत उतरले, तशा नळ्यांच्या पेशी घाबरल्या आणि त्यांनीही हाक दिली, सांधा, सांधा. धाग्यांनी बारीक रक्तवाहिन्या आवळल्या, तिथे श्वास कोंडला, तिथूनही हाक. आणि ‘पुरे’ म्हणणारा आवाज? तो होता. पण भर बाजारात म्हाताऱ्या माणसाने काही सांगावे आणि कुणाला ऐकू जाऊ नये, तसा.

परका शत्रू आत शिरला असता तर त्याच्याशी झुंजता आले असते. हे तर माझेच होते. वाईट काही करावे असे त्यांच्या मनातही नव्हते. ते हाकेला धावून आले होते, इमानाने विणत होते, आणि त्यांच्या हाताखाली माझी एकेक चाळणी कठीण होऊन मरत होती. मरताना आवाज नाही, कळ नाही. मला ओरडता येत नाही. तेनिंगला काहीच दुखत नव्हते. ती मैदानावर उभी राहून मिठात हात बुडवत होती, हसत होती, आणि मी आत गोठत चालले होते.

कुणालाच कळले नसते. पण मालांगला कळले.

मालांग दवाखान्यातला परिचारक. दक्षिणेकडचा, भाताच्या खाचरांच्या मुलखातला, जोला जमातीचा. तेनिंग सेरेर जमातीची. आणि सेरेर व जोला म्हणजे थट्टेचे भाऊबंद. म्हणे फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून निघाल्या, वादळात होडी दुभंगली, एक उत्तरेला लागली, एक दक्षिणेला. त्यांची ही लेकरे. तेव्हापासून दोघांनी भेटताच एकमेकांना टोमणे मारायचे, मीच मालक आणि तू माझा चाकर असे म्हणायचे, आणि कितीही झोंबले तरी रागवायचे नाही. रागावला तो हरला. भांडण लागले तरी ते या थट्टेनेच मिटते. फार गोड रीत आहे ती. आणि त्या गोड रीतीनेच माझा घात होणार होता.

पावसाळ्याच्या तोंडाला मालांग मैदानावर आला. काम सोडून बायका दवाखान्यात येत नाहीत, म्हणून तोच पेटी घेऊन येई. त्याने तेनिंगच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवली. पट्टी पिवळीची हिरवी झाली. माझे गळणे आज पहिल्यांदा कुणाला दिसले होते.

मालांग म्हणाला, “तेनिंग, तुझी मूत्रपिंडं या माशांसारखी वाळत चाललीत. मीठ कमी कर आणि ही गोळी रोज घे. नाहीतर मरशील.”

बायका खदखदून हसल्या. जोलाने सेरेरबाईला मरशील म्हणायचे, याहून जुना टोमणा नाही. तेनिंगची मैत्रीण दिबोर टोपलीवर वाकून हसू लागली आणि म्हणाली, दे गं याला उत्तर.

तेनिंग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मी मेले तर तुला जेवायला कोण घालील रे चाकरा? आमचं मीठ नसेल तर तुम्हा भातखाऊंचा घास घशाखाली उतरतो का?”

पुन्हा हशा. आणि मालांग, बिचारा, तोही हसला. रीतच तशी. टोमण्याला टोमणा द्यावाच लागतो. तो म्हणाला की मालकाची आज्ञा मोडणाऱ्या दासीला तो बाजारात विकून टाकील. हसत हसत त्याने गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि पेटी उचलून तो निघून गेला.

मी आतून आक्रोश केला, अहो, तो खरे बोलला. पण आमचा आक्रोश म्हणजे लघवीवरचा फेस. तो तिने पाहिला, आणि पाणी ओतून घालवला.

गोळ्या तिने काही दिवस घेतल्या, ते त्याचे मन राखायला. मित्रांनो, ते दिवस मी विसरणार नाही. चाळण्यांवरचा दाब उतरला. ‘सांधा’ची हाक बंद झाली नाही, पण तिचा घसा बसल्यासारखा झाला. कितीतरी काळानंतर ‘पुरे’ स्पष्ट ऐकू आले. दोनचार सांधणारे हात थांबवून इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात गोळ्या थांबल्या. तेनिंग दिबोरला म्हणाली की तिला काही झालेलेच नाही, आणि जोलाच्या गोळीने जोलाच बरा होईल. त्या संध्याकाळपासून हाक पुन्हा चढली. थांबलेले हात पुन्हा विणू लागले. आता तर मला वाटले, आधीपेक्षा घाईने.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगायला माझ्याकडे धीर नाही. थोडेच सांगते. गळून गळून रक्तातले प्रथिन कमी झाले, रक्तातले पाणी अंगात साठू लागले. तेनिंगचे पाय भरले, चेहरा गोल झाला. आणि मैदानावरच्या बायका तिचे कौतुक करू लागल्या. आमच्याकडे भरलेली बाई म्हणजे सुखात असलेली बाई. दिबोर म्हणाली, सिगाची कमाई अंगी लागली गं तुझ्या, कशी राणीसारखी दिसतेस. तेनिंग लाजली. तिने नवा सैलसर झगा शिवून घेतला. लोक ज्याला समृद्धी म्हणत होते तो माझा मृत्यू होता, आणि ती आरशासमोर उभी राहून त्यावरून हात फिरवत होती.

सिगाला मात्र चैन पडेना. आईच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठे, तो सकाळपर्यंत जात नसे. बोटातली अंगठी मांसात रुतली होती. तिने आईला विचारून पाहिले, आईने हसून टाळले. मग सिगा आईला न सांगता दवाखान्यात गेली. तिथे काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. मी तिच्या आईच्या पाठीत होते.

गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोठमोठ्या पातेल्यांत न्गलाख करतात, बाजरीचे कण, शेंगदाण्याचे वाटण, गोरखचिंचेचा गर आणि साखर घालून केलेली थंडगार खीर. ती वाडगे भरभरून मुसलमान शेजाऱ्यांकडे पाठवायची, आणि थट्टेचे भाऊबंद तर हक्काने मागायला येतात. तेनिंगच्या हाताला चव होती. अंगणात ती मोठा डाव फिरवत बसली होती, भोवती दिबोर आणि शेजारपाजारच्या बायका. उपास असला तरी साखर पुरेशी पडली का ते तळहातावर थेंब घेऊन पुन्हा पुन्हा चाखणे चालू होते. माझ्या नळ्यांत त्याची पोच येत होती. माझ्यात आता थोड्याच चाळण्या जित्या होत्या आणि त्या एकमेकींना बिलगून बसल्यासारख्या वाटत.

मालांग फाटकातून आत आला. बायका सरसावल्या. आता चकमक झडणार म्हणून पातेल्यातला डावही थांबला.

तेनिंग म्हणाली, “या या, आला माझा भुकेला चाकर. वाडगा धुऊन आणलास ना?”

मालांग काही बोलला नाही.

तिने हसत वाडगा भरून पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि न चाखता तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला. मग तो तिच्या पायाशी बसला आणि तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. काढला, तेव्हा तिथे खळगा राहिला. ओल्या वाळूत बोट रोवावे तसा. सगळ्यांनी तो पाहिला. तो भरून येईना.

दिबोरने वातावरण सावरायला काहीतरी टोमणा मारला, भाताच्या खाचरातल्या बेडकाला आज काय झाले असा. मालांगने तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. थट्टेचा भाऊ थट्टा करत नाही आणि दिलेले अन्न खात नाही, असे त्या बायकांपैकी कुणीच कधी पाहिले नव्हते.

“बोल की रे काहीतरी,” तेनिंग म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “दासी म्हण. काहीतरी म्हण. असा गप्प नको बसू माझ्यापुढे.”

“ताई,” मालांग म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने तिला कधी ताई म्हटले नव्हते. त्या एका शब्दाने तिचे रक्त धडधडत माझ्यापर्यंत आले. ती भ्याली होती. मित्रांनो, मी इतका काळ एकटेच भीत होते. त्या घटकेला पहिल्यांदा तिचे भय आणि माझे भय एक झाले.

मालांग म्हणाला, “ताई, पावसाळ्यात जे बोललो ते हसण्यासारखं नव्हतं. तुझं अंग भरलेलं नाहीये, ते पाणी आहे. आज निघालीस तर जे उरलंय ते राखता येईल. पुढच्या सणाला मी हा वाडगा खाईन. आज नाही.”

तेनिंगने हातातला डाव पातेल्यात सोडला. कितीतरी वेळ ती पायावरच्या खळग्याकडे बघत राहिली. दिबोर रडू लागली. सिगा घरातून आईची शाल घेऊन बाहेर आली. ती आधीच तयार होऊन बसली होती.

मोठ्या गावच्या इस्पितळात त्यांनी रक्त तपासले, माझे चित्र काढले. डॉक्टरीणबाईंनी तेनिंगला लपवाछपवी न करता सांगितले की माझा मोठा भाग व्रण होऊन गेला आहे आणि तो परत येणार नाही. उरलेला वाचवता येईल, पण गोळी चुकली, साखर चढली, मीठ वाढले तर तोही जाईल, आणि मग यंत्रावर रक्त धुवावे लागेल. ते यंत्र जोआलमध्ये नाही. तेनिंगने सगळे ऐकून घेतले. मग हळू आवाजात विचारले की मूत्रपिंड वाळत असताना त्याला दुखत होते का. बाईंनी सांगितले की नाही, ते कधीच सांगत नाही.

तेनिंग पाठीमागे हात नेऊन मी जिथे आहे तिथे ठेवून बसली. पन्नास पावसाळे उलटून गेले असतील, तिचा हात तिथे पहिल्यांदाच आला होता.

आता ती पहाटे प्रार्थना करते आणि ‘आमेन’ म्हणताच गोळी गिळते. देवाचा नेम आणि माझा नेम तिने एकत्र बांधले आहेत. चहाचा पहिला कडू पेला घेते आणि पुढच्या दोन्हींना हात जोडते. वाढणारी रुसली तर रुसू दे म्हणते. मालांगशी थट्टा पुन्हा सुरू झाली आहे, पण औषधाचा विषय निघाला की दोघेही एकदम गंभीर होतात. गोळीवर थट्टा नाही, असा दोघांनी मिळून ठराव केला आहे. दिबोरनेही पट्टी बुडवून घेतली. तिची पिवळीच राहिली.

आत काय चालले आहे, हे तुम्ही विचाराल. हाक अजून येते. बारीक झाली आहे, पण येते. जे सांधणारे बसले ते बसले, काही अजून जागेच आहेत. ज्या चाळण्या गेल्या त्यांच्या जागी कठीण धागे आहेत, त्यांना मी हात लावत नाही. उरलेल्या थोड्या घेऊन माझे काम चालू आहे. रोज पहाटे मी वाट बघते. तिची प्रार्थना ऐकू येते, मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात मला फार भीती वाटते, आज विसरली तर? मग पाण्याचा घोट खाली उतरतो.

मित्रांनो, तुमच्याही पाठीत आम्ही दोघे आहोत, आणि तुमच्या घरच्या मोठ्या माणसांच्याही. ज्यांच्या रक्तात साखर आहे त्यांना सांगा, काही दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आम्ही दुखतच नाही, तीच तर भिण्यासारखी गोष्ट आहे. लघवी तपासून घ्या, दाब तपासून घ्या, दिलेली गोळी घेत राहा. आम्हाला हाक मारता येत नाही. तेव्हा तुम्हीच येऊन विचारा, आणि आमच्यात थोडेफार उरले आहे तोवर विचारा.